वाय-फाय जोडलेले, पण इंटरनेट बंद: विंडोज दोनदा नव्याने टाकल्यावर सापडलेले कारण

माझ्या लॅपटॉपवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसत असे, जोडणी झाल्याचे लिहिलेले असे आणि तरीही दर वीस ते चाळीस मिनिटांनी इंटरनेट बंद पडत असे. वाय-फाय हाताने बंद करून पुन्हा चालू केले की काम सुरू होई आणि थोड्या वेळाने तोच प्रकार घडे. मी साताऱ्यात घरी बसून हिशेबाचे काम करते आणि पुण्यातील कार्यालयाच्या सर्व्हरशी दिवसभर जोडलेली असते. त्यामुळे जीएसटीचे विवरणपत्र भरताना मध्येच पान अडकले, तर ओटीपी मागवण्यापासून सगळे पुन्हा करावे लागे. या त्रासापायी मी विंडोज दोनदा नव्याने टाकली. पहिल्या वेळी नऊ दिवस सुरळीत गेले आणि दहाव्या दिवशी दोष परत आला. दुसऱ्या वेळी कारण सापडले आणि तो कायमचा गेला. दोन्ही वेळा लॅपटॉप तोच होता, राउटर तोच होता आणि विंडोज ११ हीच होती. फरक होता तो विंडोज टाकण्याआधी काय तपासले आणि टाकल्यानंतर कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने परत बसवली यात, आणि तोच येथे सविस्तर मांडत आहे.

लॅपटॉपची कोणतीही तक्रार दुकानात नेली की पहिला सल्ला ठरलेला असतो: “ताई, फॉरमॅट मारून घ्या, नवीन विंडोज टाकली की सगळं नीट होईल.” हा सल्ला नेहमीच चुकीचा असतो असे नाही. विंडोज नव्याने टाकल्याने खराब झालेल्या सिस्टीम फायली बदलल्या जातात, वर्षानुवर्षे एकावर एक बसलेले ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारे छोटे प्रोग्राम) निघतात, नेटवर्कची गुंतलेली मांडणी मूळ स्थितीला येते आणि काढून टाकलेल्या प्रोग्रामांनी मागे ठेवलेले अवशेषही जातात. परंतु राउटरमधील दोष, वाय-फाय कार्डाचा बिघाड, स्क्रीनच्या बिजागरीपाशी दुखावलेली अँटेनाची तार किंवा इमारतीतील शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी यांपैकी एकही गोष्ट विंडोज बदलल्याने दूर होत नाही. दोष विंडोजच्या एखाद्या अपडेटमध्येच असेल, तर नव्याने टाकलेली विंडोज तेच अपडेट पुन्हा उतरवून घेते. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही लॅपटॉप विद्यापीठे आणि कार्यालये यांच्या वाय-फायला जोडले जाईनासे झाले होते. तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपडेटमधला तेवढाच बदल दूरस्थपणे मागे घेतला आणि तक्रार मिटली. त्या दिवसांत ज्यांनी फॉरमॅट करून तेच अपडेट पुन्हा घेतले असेल, त्यांचे श्रम वायाच गेले असणार.

म्हणून दोष लॅपटॉपच्या बाहेर आहे, यंत्रभागात आहे की विंडोजमध्ये आहे, हे आधी ठरवावे. त्यासाठी एक संध्याकाळ पुरते. माझी पहिली खेप वाया गेली, कारण ही संध्याकाळ मी दिली नव्हती.

जोडणी तुटते म्हणजे नेमके काय तुटते

“नेट जाते” या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एकीत वाय-फायची जोडणीच तुटते आणि लॅपटॉप पुन्हा राउटर शोधू लागतो. दुसरीत जोडणी टिकते, पण लॅपटॉपपासून राउटरपर्यंतही काही पोहोचत नाही. तिसरीत राउटरपर्यंत सगळे पोहोचते, बाहेरच्या जगाशीही संपर्क असतो, मात्र संकेतस्थळांची नावे उलगडत नाहीत. तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

हे ओळखण्यासाठी स्टार्टच्या खुणेवर राइट-क्लिक करून टर्मिनल ही आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडावी आणि ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे राउटरचा पत्ता मिळतो; घरगुती राउटरमध्ये तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. येथेच लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे असे समजावे. त्यानंतर दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडून एकात राउटरच्या पत्त्याला आणि दुसऱ्यात ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवावे. पिंग म्हणजे त्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर येते का ते पाहणे. त्यासाठी पिंग, मग पत्ता आणि शेवटी आडव्या रेघेला जोडून इंग्रजी टी लिहावा. आता नेहमीचे काम करत राहावे आणि दोष आला की दोन्ही खिडक्या पाहाव्यात. राउटरची उत्तरे येत असून फक्त ८.८.८.८ ची थांबली, तर अडचण राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढे, म्हणजे सेवा देणाऱ्याकडे आहे. दोन्हींकडून उत्तरे येत असूनही पाने उघडत नसतील, तर नावे उलगडणाऱ्या डीएनएस सेवेकडे पाहावे. माझ्याकडे दोन्ही खिडक्या एकाच क्षणी थांबत, आणि त्या वेळीही वाय-फायची खूण भरलेलीच असे.

दुसरा पुरावा विंडोज स्वतःच जपून ठेवते, पण तो फार थोडे लोक पाहतात. टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, चार शब्दांमध्ये एकेक जागा सोडून दिली, की गेल्या तीन दिवसांतील वाय-फायच्या घडामोडींचा अहवाल तयार होतो आणि तो कोठे ठेवला आहे हेही तेथेच लिहून येते. ब्राउझरमध्ये उघडल्यावर त्यात जोडणी केव्हा झाली, केव्हा तुटली आणि तुटण्याचे कारण काय नोंदले गेले हे वेळेसह दिसते. मी दोष आल्याच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. अहवालात त्या वेळांना तुटण्याची एकही नोंद नव्हती. होत्या त्या मी हाताने वाय-फाय बंद केल्याच्या. याचा अर्थ कार्ड आणि राउटर यांचे आपसांतले बोलणे व्यवस्थित चालू होते आणि अडथळा त्याच्या वर, विंडोजच्या आत कोठेतरी होता. दुकानात सांगितलेले “कार्ड गेलंय” हे निदान येथेच डळमळीत झाले.

तिसरी परीक्षा फोनची आहे. फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडून तितकाच वेळ काम करावे. तेथेही दोष आला, तर घरातील राउटर निर्दोष ठरतो. मग फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळते. केबल केवळ चार्जिंगची नसावी, कारण तिच्यातून माहिती जात नाही. टेदरिंगमध्ये लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड वापरलेच जात नाही, म्हणून तेथेही दोष आला, तर कार्ड आणि अँटेना दोन्ही संशयाबाहेर जातात. माझ्या लॅपटॉपवर टेदरिंगमध्ये पन्नास मिनिटांनी नेट थांबले. त्या क्षणी मला वाईट वाटण्याऐवजी बरेच वाटले, कारण तपासाचे क्षेत्र निम्म्याहून कमी झाले होते.

विंडोजला हात न लावता विंडोजची परीक्षा

यानंतरची परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते, आणि जो कोणी फॉरमॅट करण्याच्या विचारात असेल त्याने ती चुकवू नये. विंडोजऐवजी चालणारी उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवता येते. उबुंटूची फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी, रूफस या मोफत प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवावी आणि लॅपटॉप सुरू होताना बूटची यादी उघडून पेनड्राइव्ह निवडावा. डेल, लेनोवो आणि एसरच्या बहुतेक लॅपटॉपवर त्यासाठी एफ१२ दाबावे लागते, एचपीवर एफ९ आणि असूसवर एस्केप. पेनड्राइव्हवरील आधीची सर्व माहिती पुसली जाते, हे लक्षात ठेवावे. सुरुवातीच्या पडद्यावर इन्स्टॉल न निवडता ट्राय हा पर्याय निवडला, की डिस्कवरील विंडोजला धक्का लागत नाही.

त्याआधी एक खबरदारी आवश्यक आहे. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बूटच्या मांडणीत बदल झाला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जपलेली असते; ती आधी शोधून कागदावर उतरवून ठेवावी. ती हाती नसताना कुलूप पडले, तर त्या डिस्कवरील हिशेब, फोटो, कागदपत्रे काहीही परत मिळत नाही, आणि मग वाय-फायची तक्रार फारच क्षुल्लक वाटू लागते.

लिनक्समध्ये त्याच राउटरला, त्याच जागी बसून जोडावे आणि पुन्हा पिंग चालू ठेवावे. दोष जितक्या अंतराने येतो त्याच्या किमान तिप्पट वेळ परीक्षा चालवावी. चाळीस मिनिटांनी येणाऱ्या दोषासाठी पंधरा मिनिटांची परीक्षा काहीच सिद्ध करत नाही. लिनक्समध्येही जोडणी त्याच पद्धतीने तुटली, तर विंडोज नव्याने टाकण्याचा विचार तेथेच सोडून द्यावा. मग लॅपटॉप उघडून घेऊन वाय-फाय कार्डावरील दोन बारीक तारा घट्ट बसल्या आहेत का ते पाहावे. पंखा साफ करताना किंवा बॅटरी बदलताना त्या निसटलेल्या मी इतरांच्या लॅपटॉपमध्ये पाहिल्या आहेत. लिनक्समध्ये वाय-फाय अजिबात दिसलेच नाही, तर मात्र त्यावरून कार्ड खराब ठरवू नये. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी परीक्षा अनिर्णित राहिली एवढेच म्हणावे.

माझा लॅपटॉप उबुंटूवर सलग साडेतीन तास चालला आणि एकही पिंग चुकला नाही. दोष विंडोजमध्ये होता, यात आता शंका उरली नाही.

फॉरमॅटच्या आधीचे सौम्य उपाय

ते थोडक्यात सांगते, कारण अनेकांची तक्रार येथेच मिटते. लॅपटॉप शटडाउन करून पुन्हा सुरू करणे आणि रीस्टार्ट करणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. महिनोन्महिने फक्त शटडाउन करणाऱ्यांनी आधी एकदा रीस्टार्ट करून पाहावे. वाय-फाय कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून, म्हणजे लॅपटॉपमधील भागांच्या यादीतून, पूर्ण नाहीसे झाले असेल, तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरल्याने ते पुष्कळदा परत येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती काढून पाहावी. नव्या लॅपटॉपवर ते पान नसतेही. ड्रायव्हर नुकताच बदलला असेल, तर रोल बॅक ड्रायव्हर हा पर्याय वापरावा.

या सगळ्यांनंतर सेटिंग्जमधील नेटवर्क रीसेट करावे. त्याने सर्व नेटवर्क कार्डे काढून पुन्हा बसवली जातात आणि वाय-फायचे जपलेले पासवर्ड पुसले जातात. माझ्याकडे त्याने चार दिवस बरे गेले. त्या चार दिवसांनी मला खरे तर उत्तराच्या अगदी जवळ आणले होते, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. तो पुढे सांगते.

पहिली खेप: फायली ठेवून रीसेट

पहिल्या वेळी मी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी येथे जाऊन ‘रीसेट धिस पीसी’ चालवले आणि ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय घेतला. यात स्वतःच्या फायली राहतात, पण नंतर बसवलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर निघून जातात. काढलेल्या प्रोग्रामांची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवते. रीसेट दोन प्रकारे होते: लॅपटॉपमधील प्रतीवरून किंवा क्लाउड डाउनलोडने. दुसऱ्यात सुमारे चार जीबी उतरवावे लागतात, पण स्थानिक प्रतच खराब असण्याचा धोका टळतो, म्हणून मर्यादित डेटा नसेल तर तोच घ्यावा. विंडोज ११ मध्ये याच पानावर विंडोज अपडेटद्वारे दुरुस्तीचाही पर्याय आहे. त्यात प्रोग्रामांसह सगळे जागेवर राहते आणि फक्त सिस्टीम फायली नव्या होतात. सिस्टीम फायली बिघडल्या असतील तर तो उत्तम आहे, परंतु बाहेरून आलेल्या एखाद्या प्रोग्रामाने दोष आणला असेल, तर तो प्रोग्रामच शाबूत राहत असल्याने काही साधत नाही.

रीसेटनंतर मी डेस्कटॉपवरील यादी समोर घेतली आणि दोन संध्याकाळींत तिच्यातील जवळपास सर्व काही परत बसवले. फक्त कार्यालयाचा व्हीपीएन, म्हणजे घरून कार्यालयाच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम, राहिला, कारण दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. नऊ दिवस नेट एकदाही गेले नाही. सुट्ट्या संपल्यावर व्हीपीएन बसवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेट गेले. या दोन घटनांचा संबंध मला तेव्हा दिसला नाही, आणि त्याला कारणही होते: व्हीपीएन जोडलेला नसतानाही नेट जात असे. जो प्रोग्राम चालू नाही तो दोषी कसा असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे विंडोजच नीट बसली नाही असा निष्कर्ष मी काढला.

दुसरी खेप: डिस्क मोकळी करून

या वेळी तयारीला दोन दिवस दिले. बाहेरच्या डिस्कवर कागदपत्रे, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधील पासवर्डची निर्यात केलेली फाइल आणि जुन्या मराठी मजकुरासाठी लागणारे फॉन्ट घेतले. हे शेवटचे मराठीत काम करणाऱ्यांनी विसरू नये. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे आणि हिशेबाची टिपणे तो फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतात. युनिकोड टंकलेखनासाठी वेगळे काही जपायला नको. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आलेलेच असतात आणि भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली की मिळतात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन असेल, तर प्रमाणपत्र टोकनमध्येच असते, पण त्याचा ड्रायव्हर कोठून मिळेल याची नोंद करून ठेवावी.

मग वाय-फायचा ड्रायव्हर. हा लॅपटॉपखालील अनुक्रमांक देऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. कार्ड कोणाचे आहे हे कळत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या गुणधर्मांतील हार्डवेअर आयडी पाहावा: व्हीईएनपुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक. ही तयारी नसेल, तर विंडोज ११ होम (घरगुती आवृत्ती) बसवताना ती इंटरनेट मागते आणि इंटरनेटसाठी लागणारा ड्रायव्हरच नसतो, अशा कात्रीत माणूस सापडतो. त्यातूनही सुटकेचा मार्ग म्हणजे फोनचे यूएसबी टेदरिंग. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, निदान अँड्रॉइड फोनसाठी.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ तयार केली. लॅपटॉप चार्जरवर ठेवला, आणि आमच्याकडे वीज जाते म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. विंडोज बसवताना डिस्कच दिसली नाही, तर घाबरू नये. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमुळे असे होते आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला की डिस्क दिसू लागते. सी ड्राइव्हचे विभाजन काढताना डी ड्राइव्हवर माहिती असेल तर त्याला हात लावू नये, आणि आकार पाहूनच निवड करावी, कारण त्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरे दिसतातच असे नाही. लॅपटॉपसोबत आलेली अधिकृत विंडोज असेल, तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. होमच्या जागी होम टाकली की इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय होते. दुकानात “प्रो टाकून देतो, ऑफिस फ्री” असे सांगितले तर नकार द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. अशा प्रती सक्रिय करणारे प्रोग्राम सिस्टीमच्या आत ढवळाढवळ करतात, आणि मग पुढच्या कोणत्याही दोषाचे मूळ शोधण्यासाठी विश्वासाची जमीनच उरत नाही.

विंडोज १० बद्दल एवढेच की तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉपला विंडोज ११ चालत असेल, तर एवीतेवी नव्याने टाकतानाच ती टाकावी.

एकेक गोष्ट परत बसवताना

पहिल्या खेपेत मी प्रोग्रामांची यादी भराभर संपवली होती. या वेळी विंडोजची अपडेट आणि उत्पादकाचा वाय-फाय ड्रायव्हर यांखेरीज तीन दिवस काहीही बसवले नाही. कार्यालयाकडून तीन दिवसांची सवलत मागून घेतली आणि पिंग चालू ठेवून ब्राउझरवर होईल तेवढेच काम केले. तीन दिवस स्वच्छ गेले. चौथ्या दिवशी टॅली, पाचव्या दिवशी प्रिंटर, सहाव्या दिवशी टोकनचा ड्रायव्हर. प्रत्येकाची तारीख आणि वेळ वहीत लिहिली. सातव्या दिवशी संध्याकाळी व्हीपीएन बसवला, पण जोडला नाही. आठव्या दिवशी सकाळी पस्तीस मिनिटांत दोन्ही पिंग एकदम थांबले.

मग कंट्रोल पॅनेलमधील नेटवर्क कनेक्शन्समध्ये वाय-फायवर राइट-क्लिक करून गुणधर्म उघडले. तेथे त्या कार्डाला चिकटलेल्या घटकांची, समोर टिकची खूण असलेली यादी असते. बहुतेक नावे विंडोजची स्वतःची असतात: मायक्रोसॉफ्ट नेटवर्कचा क्लायंट, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग, क्यूओएस, आयपी आवृत्ती ४ आणि ६. त्यांच्यात एक नाव व्हीपीएन बनवणाऱ्यांचे होते. हा नेटवर्कचा फिल्टर. व्हीपीएन, अँटिव्हायरस आणि पालकांचे नियंत्रण ठेवणारे काही प्रोग्राम असा फिल्टर बसवतात. कार्डातून येणारा-जाणारा माहितीचा प्रत्येक तुकडा त्याच्या हातातून जातो, मग प्रोग्राम उघडलेला असो वा नसो. तो वाय-फाय, टेदरिंग, केबल अशा सर्वच कार्डांना चिकटतो. टेदरिंगवरही नेट का जात होते, वाय-फायच्या अहवालात नोंद का नव्हती आणि वाय-फाय बंद-चालू केल्यावर काही काळ बरे का होत होते, या सगळ्यांचे उत्तर या एका ओळीत होते. नेटवर्क रीसेटने मिळालेल्या चार दिवसांचेही: रीसेटने फिल्टर निघाला, पण प्रोग्राम राहिला आणि त्याने तो पुढे केव्हातरी पुन्हा बसवला.

खात्रीसाठी त्या ओळीची टिक काढली आणि पूर्ण दिवस काम केले; नेट गेले नाही. टिक परत केली, आणि चाळीस मिनिटांच्या आत गेले. पुन्हा काढली, पुन्हा दिवस नीट गेला. असे उलटसुलट तीनदा केल्यावरच मी कार्यालयाला कळवले, सोबत वहीतील वेळा आणि वाय-फायचा अहवाल जोडला. संगणकाचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी तो पाहून सांगितले की सर्व्हरला आयकेईव्ही२ पद्धत चालते, म्हणजे विंडोजमध्ये आधीच असलेला व्हीपीएन वापरता येईल आणि वेगळा प्रोग्राम लागणारच नाही. त्यांनी पत्ता आणि प्रमाणपत्र पाठवले, मी प्रोग्राम काढून टाकला, गुणधर्मांच्या यादीतून ते नाव गेल्याची खात्री केली आणि सेटिंग्जमधून नवी जोडणी केली. तेव्हापासून पाच महिने झाले आहेत.

गुणधर्मांची ही यादी मी आधीच उघडून पाहिली असती, तर दुसऱ्या खेपेची गरजही पडली नसती. म्हणून ज्यांचा लॅपटॉप लिनक्सवर नीट चालतो आणि विंडोजवर अडखळतो, त्यांनी विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करण्याआधी ही यादी पाहावी, अनोळखी नावांची टिक एकेक करून काढावी आणि प्रत्येकीला दोषाच्या अंतराच्या तिप्पट वेळ द्यावा. त्यानंतरही नेट जात राहिले, तर विंडोज जरूर नव्याने टाकावी, आणि पहिले तीन दिवस तिच्यावर काहीही बसवू नये.